मापाबाहेरचे उमाकांतराव

बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात उमाकांतराव गलगली माल तपासायचे. केसभर मापाबाहेर गेलेला सुटा भाग त्यांच्या टेबलावरून लाल रंग लागूनच उठायचा. घरी पोळ्यांनाही तोच न्याय होता, फक्त नापास पोळ्या ते स्वतःच खाऊन टाकत.

शहाण्णव साली कारखान्याच्या वार्षिक तपासणीत त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या निघाल्या. रक्ताचा कर्करोग, पण गोगलगायीच्या चालीने वाढणारा. डॉक्टर श्यामला म्हणाल्या, "आत्ता औषध नको. दर तीन महिन्यांनी तपासू."

कर्करोग झालाय आणि साधी गोळीसुद्धा नाही? उमाकांतराव घाबरले, आणि घाबरले की ते चिडत. तीन महिन्यांनी पत्नी प्रतिमाताईंना घेऊन ते दवाखान्यात गेले, ते आलेखाचा कागद फडकावतच.

"ही लाल रेघ म्हणजे कमाल मर्यादा. पेशी रेघेच्या वर, मागच्या वेळेपेक्षाही वर. पीस नापास! आजच औषध सुरू करा."

"अण्णा, स्वल्प ऐका," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं माहेर-सासर दोन्ही बंगळूरचं, त्यामुळे मराठी बोलतानाही 'जरा'चं कानडी 'स्वल्प' व्हायचं. "मी आकड्याला औषध देत नाही, माणसाला देते. आत्ता सुरू केलं तर आयुष्य वाढणार नाही, त्रास मात्र आजपासून. हिमोग्लोबिन उतरलं, गाठी वाढल्या, तर लगेच सुरू करू. भूक लागते ना?"

"लागते! नापास पोळ्याही उरत नाहीत," प्रतिमाताई म्हणाल्या.

"म्हणजे मापाबाहेरचा माल तसाच वापरायचा? आमच्याकडे त्याला कन्सेशन म्हणतात. साहेब हातापाया पडले, तरी मी आजवर एकाही कन्सेशनवर सही केलेली नाही!" मग त्यांनी आलेख हळूच टेबलावर ठेवला. "खरं सांगा डॉक्टर, मला भंगारात काढलंय ना?"

डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत प्रतिमाताईंनी टेबलावर पर्स आपटली.

"अहो, मी केलीय सही! मुलगा उंच आहे, शांत आहे, असं तुमच्या मामांनी सांगितलं होतं. घोरण्याबद्दल तर कुणी चकार शब्द काढला नाही. घेतलंच ना पदरात? आणि मला तुम्ही अजून हवे आहात, असेच्या असे!" एवढं बोलून त्या रडायलाच लागल्या.

उमाकांतरावांचेही डोळे भरून आले. त्यांनी आलेखाची घडी घालून खिशात कोंबली.

"पुढची तपासणी कधी?" त्यांनी विचारलं. "आणि डॉक्टर, घोरण्यावर काही औषध असेल तर ते मात्र आजच द्या."