कस्तुराबाईंनी देवाचा दसरा काढला

चारठाण्याच्या जुन्या देवळावर राखणदार म्हणून भुजंगनं पंधरा वर्षं काढली, ती बहुतेक ओरडण्यातच. "कस्तुरामावशी, दगडावर इळा घासू नका!" "दत्तराव, वाघबकरीच्या डावाच्या रेघा मारू नका!" गाव ऐकत नसे; पण तो एक दिवस दिसला नाही तर चौकशीला घरी जाई.

खचलेला मंडप सावरायला त्याचा खांब जॅकवर तोलून खालच्या कट्ट्याचे नऊ दगड उतरवले. कामावरच्या इंजिनिअर प्रियदर्शनी मॅडमनी त्यांवर जागेप्रमाणे रंगानं नंबर टाकायला भुजंगलाच सांगितलं. पण जन्मभर "रंग लावू नका" म्हणणाऱ्याच्यानं ब्रश उचलवेना. त्यानं गुपचूप खडूनं लिहिलं.

आणि घट बसायच्या आदल्या सकाळी, गाव दसरा काढायला गोधड्या धूत असताना, कस्तुराबाईंनी नऊही दगड घासून लख्ख केले.

"देवाचाबी दसरा काढला रं, भुजंगा!"

खडूचे नंबर पार धुऊन गेले होते. खांब जॅकवर तोललेला. क्रेन फक्त आजच्यापुरती. फोटो समोरून घेतलेले, चुना खरवडण्याआधीचे. त्यात नऊही दगड जुळे भाऊ.

"खांबाखाली चुकीचा दगड गेला तर खांब कलंडेल," मॅडम हळूच म्हणाल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

भुजंग गुडघ्यावर बसला. दगडांवरून हात फिरवू लागला. एका कडेला बोटभर खोबण लागली.

"ह्यो मावशीच्या इळ्याचा. दारापाशी. सावली तिथं आधी येती." पुढच्यावर रेघा लागल्या. "दत्तरावांचा वाघ हितं अडकायचा. डावा कोपरा."

क्रेन करकरत होती. एकेक दगड चपखल बसत गेला. सात झाले. उरले दोन: एक कोराकरकरीत, एक आरशासारखा गुळगुळीत. खांब पेलणारा कोणता? जॅक कण्हला. मॅडमनी सगळ्यांना मागं सरकवलं.

"मावशी, हे दोन कुनाचेच न्हाईत."

"कुनाचे कसे न्हाईत?" लांबून कस्तुराबाई कडाडल्या. "त्यो गुळगुळीत तुजा हाय! पंधरा वर्सं खांबाला पाठ लावून आमाला वरडलास, कशावर बसून?"

भुजंग कानापर्यंत लाल झाला. "त्योच घ्या, मॅडम."

दगड खांबाखाली सरकला. जॅक इंच-इंच खाली आला. खांबानं एकदा 'कट्' केलं, आणि तो गप्प उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी कस्तुराबाई इळा घेऊन कट्ट्याशी आल्या. भुजंगनं ओरडायला तोंड उघडलं. मग काय वाटलं कोण जाणे, आधी स्वतः आपल्या गुळगुळीत दगडावरून उठला, आणि मगच ओरडला.