डॉक्टर मॅकफींची जानेवारीतली मेजवानी

चहा घेता घेता ऐका, पण एक अट आहे. मी मधे थांबलो तर हसायचं नाही. मूर्खपणा कोण करत नाही? मीही पुष्कळ केलाय. पण फौजेला बोलवावं लागेल इतका मूर्खपणा आयुष्यात एकदाच केला, आणि तोही टाइप करून, तीन प्रतींत.

कुवेतच्या लढाईतला तो जानेवारी. मी तेव्हा सौदीत, दक्षिणेकडच्या डोंगरावर खमीस मुशैतला, एका इस्पितळाच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो. ऑपरेशनमध्ये काढलेले अवयव आमच्याकडे यायचे. ते फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुने टिकवायच्या विषारी द्रावणात, बुडवायचे, पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि काचपट्टीवर लावायचे, हे माझं काम. गावाला लागून लष्कराचा हवाई तळ. डोक्यावरून विमान गेलं की बाकीचे वर बघायचे, मी टेबलाखाली बघायचो, जागा आहे का म्हणून.

भित्रेपणात इस्पितळात माझा पहिला नंबर होता, हे आधीच कबूल करतो. घराच्या खिडक्यांना चिकटपट्ट्या, न्हाणीघरात पाण्याची सहा पिंपं, उशाशी गॅसचे मास्क. आमची मुग्धा सात वर्षांची. तिला मास्क घालायची तालीम द्यायला गेलो की म्हणायची, "नो बाबा, मेरा दम घुटता है." मग तिची आई, सुनंदा, माझ्याकडे अशी बघायची की माझाही दम घुटायचा.

मला त्या दोघींना घेऊन मिरजेला जायचं होतं, बस. सुनंदानं साफ सांगितलं होतं, तुम्ही येणार असाल तर येते, नाहीतर इथेच राहते. पासपोर्ट इस्पितळाच्या कपाटात. ते बाहेर यायला रजेच्या अर्जावर एक सही हवी होती, सर्जन डॉक्टर मॅकफींची. लढाई सुरू झाल्यापासून परदेशी स्टाफच्या रजा त्यांच्याच हातात होत्या.

डॉक्टर स्कॉटलंडचे. उंच, तांबड्या भुवयांचे, कधीही न हसणारे. खोलीत डॉक्टरकीच्या पुस्तकांपेक्षा कवितेची पुस्तकं जास्त, आणि ती लावली होती ऋतूंप्रमाणे. वरच्या फळीवर वसंत: मेंढ्यांची पिल्लं, परत येणारे पक्षी. खाली उन्हाळा, म्हणजे डोंगरभर जांभळी फुलं. मग पानगळ, तेव्हा जंगलात सांबरासारखी मोठी हरणं ओरडतात म्हणे. सगळ्यात खाली थंडी आणि इतिहास. "थंडीत बाहेर जाता येत नाही, मिस्टर आपटे. मग आम्ही घरात बसून हरलेल्या लढाया वाचतो." खमीसला धुकं उतरलं की ते खिडकी उघडून उभे राहायचे आणि हा अगदी आमचा नोव्हेंबर, असं म्हणायचे. मी अर्ज घेऊन गेलो की आधी स्कॉटलंडचं अख्खं वर्ष ऐकावं लागे. मी ऐकायचो. सही हवी होती ना?

जानेवारीच्या शेवटी त्यांच्या लाडक्या कवीचा जन्मदिवस येतो. त्या दिवशी स्कॉटिश लोक जिथे असतील तिथे जमतात, एक ठरलेला पदार्थ वाजतगाजत ताटात आणतात आणि त्या पदार्थालाच उद्देशून कविता म्हणतात. नाव हॅगिस.

"हॅगिस म्हणजे काय हो, डॉक्टर?" मी विचारलं.

"आमच्या डोंगरातला छोटा प्राणी," ते गंभीरपणे म्हणाले. "उतारावर एकाच दिशेनं फिरून फिरून त्याचे डावे पाय आखूड झालेत. उलटा पळवला की तोल जाऊन घरंगळतो. मग पकडायचा."

मी विश्वास ठेवला. घरी जाऊन मुग्धाला चित्रसुद्धा काढून दाखवलं.

"उद्या रात्री आठ वाजता तुम्ही सगळे या," डॉक्टर म्हणाले. "तुम्हा शाकाहारी लोकांसाठी सलगम आणि बटाटा आहे. अर्ज आणा. तिथेच बघून टाकू."

दुसऱ्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. सकाळी दहाला चहाच्या दुधासाठी फ्रिज उघडला. लॅबबाहेर दोन फ्रिज शेजारी शेजारी होते, एक स्टाफच्या दूध-दह्याचा आणि एक नमुन्यांचा. तर दुधाच्या फ्रिजमध्ये, ताकाच्या बाटल्यांमागे, स्टीलचं भांडं. वर ऑपरेशन थिएटरचं हिरवं कापड. कापड उचललं. आत एक जठर. फुगलेलं, राखाडी, तोंडाशी ऑपरेशनच्या दोऱ्यानं सुबक टाके घातलेलं. त्यावर नाव नाही, नंबर नाही, चिठ्ठी नाही.

तुम्ही काय ओळखलंत ते मला कळलं. तुम्ही मटणाच्या दुकानात जाता. मी जन्मात गेलो नव्हतो. दहा वर्षं रोज लोकांची यकृतं कापली, पण पातेल्यात जाणारं यकृत कसं दिसतं, ते मला ठाऊक नव्हतं.

मी धरून चाललो की कुणीतरी जखमी आला, घाईत ऑपरेशन झालं आणि नमुना चुकून दुधाशेजारी गेला. आमचे पॅथॉलॉजिस्ट सुट्टीवर कैरोला गेले ते परतलेच नव्हते, त्यामुळे पहिली तपासणी माझ्याच गळ्यात. टाके उसवले. आतलं थोडं घेतलं, गोठवून काप काढला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

जठरात फुप्फुस होतं, बारीक बारीक तुकडे. शेजारी हृदयाचा स्नायू. त्याच्या शेजारी यकृत. मधे मधे धान्याचे दाणे आणि कांदा.

माणसाच्या पोटात त्याचंच फुप्फुस कसं येईल? घाबरलेल्या माणसानं विचार करू नये, पण मी केला. आणि उत्तर एकच निघालं. नवा गॅस. हुंगला की छातीतला सगळा ऐवज बारीक होऊन पोटात उतरतो असा.

नियम म्हणजे नियम. नमुना खराब होऊ नये म्हणून भांडं फॉर्मॅलिननं काठोकाठ भरलं. रिपोर्ट टाइप केला आणि मुदीरकडे, म्हणजे आमच्या सौदी व्यवस्थापकाकडे, धावत गेलो.

मुदीरसाहेबांनी रिपोर्ट दोनदा वाचला. "पेशंट कुठे आहे?"

"सापडत नाही, सर."

"पोटाशिवाय तो गेला कुठे?"

"तीच तर काळजी आहे, सर."

त्यांनी फोन उचलला. पुढच्या दहा मिनिटांत इस्पितळाच्या खिडक्या बंद, ओपीडी बंद, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. वॉर्डावॉर्डांत नर्सेस पाठवल्या, कुणाचं पोट जागेवर नाही ते बघायला. वाळवंटातल्या एका म्हाताऱ्या बद्दूनं पांघरूण घट्ट धरलं आणि सांगितलं, माझं पोट माझ्याकडेच आहे, खलास, यल्ला, म्हणजे चालते व्हा. डॉक्टर मॅकफींना शोधलं, तर त्यांची सुट्टी, ते सलगम आणायला शेजारच्या आभा शहराच्या बाजारात गेलेले.

मी सुनंदाला फोन केला. "मास्क घाला आणि दोघी न्हाणीघरात बसा. मी येईपर्यंत दार उघडू नका."

ती काही विचारायच्या आत फोन ठेवला. हसू नका. त्या काही तासांत मी मनातल्या मनात दोघींचा निरोप घेऊन टाकला होता. मुग्धाला आदल्या दिवशी पाढ्यांवरून रागावलो होतो, ते सारखं आठवत होतं.

चारच्या सुमाराला हवाई तळावरून जीप आली. एक अधिकारी आणि अंगभर रबरी पोशाख घातलेले दोन सैनिक. त्यांनी माझ्या भांड्याभोवती एक यंत्र फिरवलं. यंत्र गप्प. त्यामुळे मी जास्तच घाबरलो. यंत्रालासुद्धा न कळणारा गॅस?

तेवढ्यात आमचे ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर दाऊदभाई, रत्नागिरीकडचे, खेडचे, आत डोकावले. त्यांनी भांड्यात वाकून पाहिलं आणि सरळ मास्क काढला.

"दाऊदभाई, मास्क घाला," मी ओरडलो.

"आपटेसाहेब, ही वजडी हाय. मेंढ्याची." ते शांतपणे म्हणाले. "परवा मॅकफीसाहेबांना मीच खाटकाकडं नेलं. पोट घेतलं, कलेजा घेतला, दिल घेतलं, फुप्फुस घेतलं. खाटीक पण विचारीत होता, गोरा सायब ह्याचं करतो काय."

"मग सकाळपासून बोलला का नाहीत?"

"मला कुणी दाखवलंत? मला सांगितलंत, गॅस हाय, गाडीत बसून राहा."

अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मुदीरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मास्कच्या काचेतून बघणारा माणूस किती वेळ बघू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं. आणि त्याच वेळी दारात डॉक्टर मॅकफी आले, आपला हॅगिस, म्हणजे तेच भरून शिवलेलं पोट, न्यायला. गुडघ्यापर्यंत चौकड्यांचा लोकरी घागरा, पायात लांब मोजे, कमरेला केसाळ बटवा. रबरी पोशाखातला एक सैनिक दोन पावलं मागे सरकला.

डॉक्टरांनी भांडं हुंगलं. माझा रिपोर्ट घेतला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"मिस्टर आपटे," ते म्हणाले, "मिरी नीट पडली होती का, ते यात लिहिलेलं नाही."

जेवण ठरल्या वेळी झालं. मी न्हाणीघरातून दोघींना सोडवून घेऊन गेलो. अधिकारी आणि मुदीरसाहेबांनाही डॉक्टरांनी बसवून घेतलं होतं. चार स्कॉटिश नर्सेस, सफरचंदाचा रस, सलगम, बटाटा. मधोमध रिकामं ताट.

"पदार्थ नाही, तर त्याच्यावर कविता कशी म्हणणार?" डॉक्टर म्हणाले. "पण त्याचं इतकं बारकाईनं वर्णन आजवर कुणी केलेलं नाही. मिस्टर आपटे, उभे राहा."

मी उभा राहिलो आणि त्या रिकाम्या ताटासमोर माझा रिपोर्ट वाचला. नमुना, जठर, एक. पेशंट, अज्ञात. टाके, उत्तम. शेवटचं जेवण, ओट आणि कांदा. मृत्यूचं कारण, बहुधा शत्रू. नर्सेस डोळे पुसत होत्या. डॉक्टरांचं तोंड मात्र मख्ख.

टाळ्या संपल्यावर मी खालमानेनं अर्ज पुढे केला. वाटलं, फाडतील. पण त्यांनी पेन काढलं आणि बराच वेळ लिहीत बसले. माझ्या जिवात जीव आला. नुसत्या सहीला एवढा वेळ लागत नाही, म्हणजे नक्की काहीतरी चांगलं लिहीत असणार.

चांगलंच लिहिलं होतं. एक बेवारस मेंढा एवढ्या काळजीनं तपासणारा कर्मचारी मी आजवर पाहिलेला नाही, असा माणूस लढाई संपेपर्यंत सोडणं इस्पितळाला परवडणार नाही, सबब रजा नामंजूर.

सुनंदानं अर्ज माझ्या हातातून घेतला, वाचला, घडी केली आणि पर्समध्ये ठेवला. लढाई संपेपर्यंत आम्ही तिघं खमीसलाच राहिलो. पुढे मी त्या इस्पितळात चौदा वर्षं काढली. माझ्या कामाचं लेखी कौतुक झालं ते तेवढं एकदाच, आणि ते कुणाला दाखवायचं म्हटलं तर आधी मेंढ्याचं सांगावं लागतं.