बर्फाची इंग्रजी कविता

मटार सोलता सोलता बायको खिडकीबाहेर बघत एक इंग्रजी कविता पुटपुटत होती. बर्फ पडायची ओळ आली, तशी तिची बोटं शाळेत हावभाव करतात तशी झुलत खाली आली आणि ती हसली. मला ते हसू आवडलं नाही.

"कोणाची आठवण आली?" मी जमेल तितक्या सहज विचारलं.

"कोणाची नाही हो. शाळेत पाठ होती, एवढंच."

शाळेत पाठ केलेलं माणूस असं हसत म्हणतं होय? पाढे म्हणताना तर ही कधी हसलेली नाही. आमच्या घरात कोणी बर्फ पडताना पाहिलेला नाही. तरी या परक्या कविता सगळ्यांच्या लाडक्या. मराठी कवितेत कोणाची आठवण जपून ठेवावी, तर हिची सासूसुद्धा ओळखेल. इंग्रजीत निर्धास्त ठेवता येतं.

असा संशय घेत असतानाच पुढची ओळ माझ्या तोंडून निघाली, बोटांच्या हावभावासकट. बहुतेक मी हसलोही.

बायकोच्या हातातली शेंग अर्धवट सोललेली राहिली.

"आणि तुम्हाला हो कोणी शिकवली?"

"शाळेत पाठ होती," मी म्हणालो, आणि माझं मलाच ते खरं वाटेना.