भट्टी निवू लागली तेव्हा
अल्जीरियातल्या तलमसान शहराच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढलेल्या झुलेखाला तापलेल्या भट्टीचं भय कधी वाटलं नाही. त्या दुपारी वीज गेली, भट्टी निवू लागली आणि तिला घाम फुटला. आत जवळच्या मघनिया गावच्या मातीवर बसवलेलं निकेल होतं. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून त्यानं बनवलेला कार्बन मोनॉक्साइड अजून नळीत होता. दोनशे अंशांखाली उतरलं की निकेल आणि हा वायू मिळून जीवघेणं विष तयार होतं.

"खाला, चला कुसकुस खायला," तिला मावशी मानणारी संशोधक नसीमा म्हणाली. "भट्टी आपोआप थंड होतेय."

"तीच तर भीती आहे, शहाणे! बाहेर हो!"

झुलेखानं मिथेन बंद केला, नळी धुवायला नायट्रोजन सोडला. सिलिंडरचा काटा तळाशी टेकला, तेव्हा नळी धुऊन निघाली होती. भट्टी अजून तीनशे अंशांवर होती.

मग तिनं दारातून नसीमाला हाक मारली, "चल, आता कुसकुस खाऊ."