शंकरपटातला डावा डोळा

आमच्या बोरी अरबकडच्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, माइक दरवर्षी एकाच गड्याच्या हातात असायचा. बैलजोडी सुटली की हा खुर्चीवर चढून ओरडायचा, "आली रे आली!" शेजारी मी, वेळ मोजायचं घड्याळ धरून. नाव कधी विचारलंच नाही.

एका वर्षी त्याचा डावा डोळा बाहेर आला. कपाशी फवारताना औषध उडालं, असं सगळेच म्हणत. तोही म्हणे, आणि डोळा धूत राही. शेवटी नागपुरात कळलं, रक्ताचा कॅन्सर आहे आणि त्याचीच गाठ डोळ्यामागं आलीय.

पुढच्या पटाला उपचार घेऊन गडी हजर! टोपीखाली केस नव्हते, पण डोळा जागेवर बसला होता.

"दिसते का तुले त्या डोळ्यानं?" मी विचारलं.

"थांब ना भाऊ, दाखोतो."

जोडी सुटली. त्यानं उजवा डोळा तळहातानं झाकला. धुरळ्यात मला तर बैलही दिसेनात.

"हाकणाऱ्याची टोपी उडाली रे!" तो माइकवर किंचाळला.

धुरळ्यातून जोडी बाहेर आली. हाकणारा खरंच बोडका! सगळा पट ओरडला. यानं आपलीही टोपी हवेत भिरकावली.

घड्याळ थांबवायचं माझ्याकडून राहूनच गेलं. ते आपलं चालूच होतं.