चमचाभर जवसाचं तेल

बाबांना काचबिंदू आहे हे कळलं, तेव्हा एक डोळा जवळपास गेलेला होता आणि दुसराही जाण्याच्या बेतात होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्याच्या पायरीवरच बाबा मला म्हणाले, "मले दिसते तोवर एक इंजन चालतानी दाखव रे."

त्यांची उमर अकोल्यातल्या कापसाच्या एका जिनिंगच्या वाफेच्या इंजिनावर गेली. ते इंजिन भंगारात निघालं त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. मी अमरावतीला पोरांना लेथ मशीन शिकवतो, म्हणून हे काम माझ्या गळ्यात आलं. मला त्याची हौस नव्हती, धास्तीच होती. शिकवायला जीभ पुरते, करून दाखवायला हात लागतात.

पाटावर मावेल एवढं इंजिन केलं. पितळेचा सिलिंडर, पोलादी पिस्टन, त्याला जोडलेलं चाक, तांब्याच्या नळीचा बॉयलर आणि त्याखाली स्पिरिटचा दिवा. सुट्टीला ते पिशवीत घालून अकोल्याची बस धरायची. बाबा प्रत्येक भागावरून बोट फिरवायचे आणि तोंड वाकडं करायचे. नवरात्रात सायकलच्या पंपानं हवा भरली तर चाक फिरलं. वाफेवर कोजागिरीला चालवू, असं ठरलं. इंजिन त्यांच्याजवळ ठेवून मी अमरावतीला गेलो.

कोजागिरीला आलो तर चाक जागचं हलेना. झडप पाहिली, नळी फुंकून पाहिली, सांधे सोडवले. सगळं ठीक होतं. शेवटी सिलिंडर उघडला तर पिस्टनभोवती पिवळा चिकट थर. खंडेनवमीला बाबांनी हळदकुंकू वाहून देवाच्या दिव्यातलं चमचाभर तेल इंजिनात सोडलं होतं. आमच्याकडे दिव्यात घाण्यावरचं जवसाचं तेल असतं. ते हवेनं आणि उन्हानं डिंकासारखं वाळतं. पाट खिडकीतल्या उन्हातच होता.

मी भडकलो. "जवसाचं तेल कोनी टाकते काय इंजनात?"

"जिनिंगमंधी दरसाल पयला चमचा देवाच्या दिव्याचाच पडे. तवा तं काई नाही झालं."

"ते हत्तीएवढं होतं, बाबा. हे उंदराएवढं हाय!"

त्यांनी पाटावरचं हळदकुंकू हातानं पुसून काढलं. मला तेव्हाच वाईट वाटायला हवं होतं. पण मी घासलेट शोधत होतो.

घासलेटनं थर निघेना. पॉलिश पेपरनं घासून काढला, तर पिस्टन ढिला झाला आणि वाफ बाजूनं निसटायला लागली. नवा पिस्टन केला, तो जास्त घट्ट झाला. तो घासला, पुन्हा ढिला. दिवाळी आली, गेली. फोनवर बाबा डोळ्यांबद्दल काही बोलत नसत. इंजिनाचंही विचारत नसत. मीच "होईल, होईल" म्हणायचो आणि माझाच आवाज मला खोटा वाटायचा.

संक्रांतीला शेवटचा पिस्टन घेऊन गेलो. बाबा खुर्चीत बसले होते. मी आत आलो तर त्यांनी दाराकडे तोंड फिरवलं, पण डोळे भलत्याच ठिकाणी होते. काय झालं ते मला कळलं. तरी मी पिस्टन बसवून स्पिरिटचा दिवा पेटवला. दुसरं करण्यासारखं काय होतं?

पाणी उकळलं. वाफ आली. चाक थोडं हललं आणि थांबलं. सिलिंडरच्या फटीतून नुसता फुसफुस आवाज येत राहिला. मी बोटानं चाक ढकललं, पुन्हा ढकललं.

"वा," बाबा म्हणाले. "कसं झकास फिरून राह्यलं!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या माणसाला पलीकडच्या खोलीतून कळायचं की इंजिनाचा कोणता सांधा गळतो, त्याला गळती आणि चाल यातला फरक आज कळला नसेल?

"दिसते नं तुमाले, बाबा?"

"दिसून राह्यलं ना," ते म्हणाले. "आता बंद कर. दमला असशील."