न पाहिलेला तिसरा अंक

बाईंच्या नाटकात मी मोलकरीण होते. ऑफिस सांभाळून काम करायचे. तीन अंकांत मिळून मला चार वाक्यं होती, त्यांतली दोन "चहा आणू?" अशी. बाई मात्र नायिका, तेव्हा सगळ्या विदर्भात गाजत होत्या. यवतमाळच्या दुकानांत बायका त्यांच्यासारख्या काठाची साडी मागायच्या. आमच्या ऑफिसातली एक क्लार्क रजा नामंजूर झाली की बाईंच्या आवाजात साहेबांशी बोलायची. रजा मिळायची.

पुढे नाटकं थांबली, मी रिटायर झाले आणि बाईंसोबत सत्कारांना जाण्याचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी महागावला महिला मेळाव्यात असाच सत्कार झाला. जेवताना साठीची एक बाई आमच्यासमोर येऊन बसली. जवळच्याच तांड्यावरची होती.

"तुमच्यापाई मी घर सोडलं," ती बाईंना म्हणाली.

बाईंनी हातातला घास खाली ठेवला.

तरुणपणी ती सासरच्यांबरोबर ट्रॅक्टरवरून आमचं नाटक पाहायला आली होती. नवरा मारायचा. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाई नवऱ्यादेखत बॅग उचलून घराबाहेर पडायच्या आणि पडदा पडायचा. ते पाहून आठ दिवसांनी हीदेखील निघाली. माहेरच्या तांड्यावर राहिली, शिवणकाम शिकली, भावाचं थोडं वावर कसलं, मुलीला नर्स केलं.

"आमचा ट्रॅक्टर लवकर निंगाला, पुढचं पाह्याले भेटलंच नाही. मंग काय झालं तिचं?"

तिसरा अंक मला पाठ होता. नायिका परत येऊन नवऱ्याच्या पायांवर डोकं ठेवायची आणि अख्खं थिएटर रडायचं. मी वरणभाताकडे पाहत राहिले.

"तिसरा अंक काही खास नव्हता," बाई म्हणाल्या.

तिचं तेवढ्यानं भागलं नाही. ती परत गेली का, एवढंच तिला हवं होतं. बाई पाण्याचा घोट घेऊन "नाही" म्हणाल्या. तिने मान हलवली, तिला तसं वाटतच होतं, आणि आम्हा दोघींना आग्रहाने एकेक पोळी वाढली.

परतताना आर्णी गेल्यावर बाई म्हणाल्या, "त्या अंकात मी फार चांगलं काम करायचे गं."

मी हो म्हटलं. ते खरंच होतं.

यंदा कळंबच्या काही मुलींनी तेच नाटक बसवायला घेतलं. बाई तालमींना गेल्या आणि नाटक दोन अंकांतच संपेल असं सांगून टाकलं. मुलींनी कारण विचारलं नाही. प्रयोगानंतर दोन वयस्कर गृहस्थ नाटक अर्धवट सोडल्याची तक्रार घेऊन आत आले. बाईंनी त्यांचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तोवर मुली कपडे बदलून निघूनही गेल्या होत्या.